बिडाच्या तव्याला साबण

बायकोला लकवा मारला तेव्हा ती दुकानाच्या ओट्यावर तूर पाखडत बसली होती. मी आत एका गिऱ्हाइकाला साखर मोजून देत होतो. सुपाचा आवाज थांबला म्हणून वळून पाहिलं, तर तूर ओट्यावर सांडलेली आणि ती उजव्या अंगावर कलंडून माझ्याकडे बघत असलेली. तोंड हलत होतं, पण आवाज येत नव्हता. गावातल्या एकाच्या गाडीतून तिला आदिलाबादला नेलं.

जीव वाचला. काही दिवसांनी ती पाय ओढत, भिंत धरून चालायलाही लागली. उजवा हात मात्र गेला, आणि बोलणं गेलं. सगळ्या बोलण्यातले दोनच शब्द तिच्याजवळ उरले: राहू द्या. पाणी हवं असलं तरी राहू द्या, पाठ दुखत असली तरी राहू द्या. मी डॉक्टरांना विचारलं, तर ते हिंदीत म्हणाले, समजतं सगळं त्यांना, फक्त शब्द सापडत नाहीत. ती सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. मला वाटलं, लिहून सांगेल. पाटी आणून दिली. डाव्या हातात खडू धरून ती बराच वेळ पाटीकडे बघत बसली, मग दोन रेघा ओढल्या आणि पाटी बाजूला सारली. डॉक्टर म्हणाले, लिहिणंही त्यातच गेलं असेल. वाट बघा.

घरी सोडताना तिथल्या तेलुगू सिस्टरनं जेवणाचं समजावलं. मऊ द्या, थोडं थोडं द्या, मेल्लगा, मेल्लगा. म्हणजे हळूहळू.

आमचं गाव आदिलाबादच्या वाटेवर, बेल्याच्या अलीकडे. पुढे किराणा दुकान, मागे घर. मुलगी किनवटकडे दिलेली. ती सुरुवातीला राहून गेली, पण तिच्या घरी लहान लेकरू. ती गेल्यावर स्वयंपाक माझ्याकडे आला. भाकर मला थापता येत नाही आणि बायकोला ती गिळता येत नव्हती. वरणभात किती दिवस खाणार. म्हणून मी धिरडी करायचं ठरवलं. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, बारीक कांदा, सांबार म्हणजे कोथिंबीर. ती करायची ते मी इतकी वर्षं ताटात बघितलं होतं.

धिरड्यांचा तवा वेगळा होता. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जाड आणि जड. भाकरीचा पत्र्याचा तवा चुलीमागे टेकवलेला असे, हा मात्र खुंटीला टांगलेला. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिनं तो आदिलाबादच्या बाजारातून स्वतः पारखून आणला होता. मी तो कधी हातात घेतला नव्हता. तेव्हा खाली काढला तर काळाकुट्ट, कडेला थर चढलेला, आणि इतके दिवस टांगून राहिल्यामुळे वर धूळ. दवाखान्यात सगळ्यांनी स्वच्छतेचं इतकं सांगितलं होतं की मला तो तवा बघूनच धास्ती वाटली. याच्यावर केलेलं तिला खाऊ घालायचं?

दुकानातून घासायची पावडर घेतली, तारेची नवी घासणी फोडली आणि मोरीत बसलो. ती दारात बाजेवर टेकून बसली होती. मी पहिला हात फिरवला तशी ती म्हणाली, "राहू द्या."

मला वाटलं, मी भांडी घासतोय ते तिला बघवत नाही. आजारपणाच्या आधीही मी कधी ताट उचललं की ती हेच म्हणायची. मी म्हणालो, "काई होत नाई मले. तू पड."

"राहू द्या."

"अवं, करतो ना मी. तू काऊन जीवाले लावून घेते?"

ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. डाव्या हातानं बाजेच्या लाकडी गातावर मारत होती. मी तिच्याकडे बघून हसलो आणि आणखी जोरानं घासलं. काळा थर सुटत होता, पाणी शाईसारखं वाहत होतं, आणि खालून राखाडी लोखंड निघत होतं. मला समाधान वाटलं. कडेचं काही निघेना म्हणून तवा बादलीत बुडवून ठेवला. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी तवा बाहेर काढला तर सगळा लाल. नुसतं बोट फिरवलं तरी गंज हाताला येत होता. मी तो पुन्हा घासला, पुसला, गॅसवर ठेवला, तेल सोडून पीठ पसरलं. धिरडं जे चिकटलं ते चिकटलं. उलथन्यानं खरवडून जे निघालं ते करड्या रंगाचं होतं आणि त्याला लोखंडाचा वास येत होता. ती हे सगळं बघत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही तिला धड एका हातानं पुसता येईना. तिला पाणी देता देता कुठेतरी माझ्या ध्यानात आलं की काल ती मला थांबवत होती.

शेजारच्या वहिनी दुकानात चहापत्ती घ्यायला आल्या. त्यांना तवा दाखवला.

"साबन लावली काय तुमी याले?"

"पावडर लावली. तार लावली."

"बिडाच्या तव्याले कोनी तार लावते काय, भाऊ? त्या काळ्या थरानंच तं धिरडं सुटते." त्या म्हणाल्या. रागानं नाही, कुणाचं काही गेल्यासारखं.

"आता काय करू?"

त्यांनी तवा उलटासुलटा करून पाहिला. "कांदा अन् मीठ घासून पाहा," म्हणाल्या. मग तवा खाली ठेवून म्हणाल्या, "खरं सांगू काय, मले नाई मालूम. आमचा तवा सासूच्या हातचा हाय. मी आली तव्हा बी काळाच होता. तो कसा काळा केला ते मी कुठं पाह्यलं?"

कांदा-मीठ घासलं. गंज कमी झाला, पण धिरडं चिकटलंच. संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "बाबा, तेल लावून गरम करा लागते वाटते. आईलेच विचारू ना." मी फोन बायकोसमोर धरला. मुलगी तिकडून म्हणाली, "आई, तव्याले तेल किती लावाचं? लय की थोडं? थोडं असन तं मान हालव." बायकोनं मान हलवली. मुलगी म्हणाली, "अन् लय?" त्यालाही मान हलली. मग ती घाईघाईनं हातवारे करत काहीतरी सांगायला लागली, तोंडाला फेस आला, आणि शब्द मात्र तेच, राहू द्या, राहू द्या, राहू द्या. मुलीनं पदर तोंडाला लावला. फोनच्या काचेत दोघी एकमेकींकडे बघत रडत होत्या आणि फोन धरून मी मध्ये उभा.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या मनानं केलं. तव्यावर वाटीभर तेल ओतलं आणि मोठ्या आचेवर ठेवून दिलं. समोर गिऱ्हाईक आलं, त्याला सामान देऊन परत येतो तर घरभर धूर. ती खोकून खोकून लाल झाली होती. तिला उचलून ओट्यावर आणून बसवलं. तवा निवल्यावर पाहिलं, तर तेल सुकून डिंकासारखं झालेलं, बोट लावलं की चिकटायचं. ते काढायला पुन्हा घासणं आलं. घासलं की पुन्हा गंज.

तवा सोडून द्यावा असंही मनात आलं. दुकानात सगळे म्हणत होते, नॉनस्टिक घेऊन या, काही चिकटत नाही. मी आणलाही. ती त्यावरची धिरडी गुपचूप खायची. पण दुपारी मी जरा पडलो की ती भिंत धरून मोरीपर्यंत जायची आणि त्या गंजक्या तव्यासमोर बसून राहायची. तो तिच्या एका हातानं उचलत नव्हता.

अशाच एका दुपारी मी तवा घेऊन तिच्यासमोर बसलो. गंज काढून, पुसून, गॅसवर सुकवून आणला होता. फडक्यानं तेल लावलं. तिनं हात पुढे करून फडकं मागितलं. मी तेच दिलं, ते तिनं टाकून दिलं. दोरीवर माझं जुनं धोतर फाडून केलेलं कोरडं फडकं होतं, तिकडे बोट केलं. ते दिलं. तवा फिरत होता म्हणून मी दोन्ही हातांनी धरून ठेवला, आणि ती डाव्या हातानं मी लावलेलं सगळं तेल पुसून काढायला लागली.

"अवं, पुसून काऊन टाकून राह्यली? आत्ताच तं लावलं."

ती पुसत राहिली. मला वाटलं, डोक्यावरही परिणाम झाला. मी फडकं ओढून घेतलं आणि पुन्हा तेल लावलं. तिनं माझ्या मनगटावर चापट मारली. चापट लागली नाही, पण लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. मी फडकं परत दिलं. तिनं पुन्हा सगळं पुसलं, कोरडा दिसेपर्यंत पुसलं, आणि गॅसकडे बोट केलं. मी नाद सोडला. म्हटलं, हिच्या मनासारखं होऊ दे. तवा गॅसवर ठेवला. धूर फारसा झाला नाही. खाली उतरवून बघतो तर राखाडी रंगावर तांबूस झाक आली होती, ती गंजाची नव्हती, आणि बोट चिकटत नव्हतं.

म्हणजे तेल नावापुरतंच ठेवायचं होतं. एवढीशी गोष्ट. एका वाक्यात सांगण्यासारखी.

मग रोज दुपारी आम्ही ते करायला लागलो. मी धरायचो, ती पुसायची, मी तापवायचो. तवा तांबूसचा तपकिरी होत गेला. तिला झोपही बरी लागायला लागली. मला वाटायला लागलं की आता असंच एकेक करून सगळं जमेल.

त्यातच एक दिवस तवा गॅसवरून उतरवून तिच्यापाशी फरशीवर ठेवला आणि दारात कुणी हाक मारली म्हणून मी पुढे गेलो. जास्त वेळ लागला नाही. परत आलो तेव्हा ती डाव्या हातानं फडक्याची घडी घालत होती, आणि तिचा उजवा हात मांडीवरून घसरून तव्याच्या कडेवर पडलेला होता. तिला कळलंच नव्हतं. आधी मला वास आला. मी हात उचलला तर तळव्याच्या कडेची कातडी पांढरी पडलेली. मी काय करतोय ते ती शांतपणे बघत होती, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा होता. मग तिला तो दिसला, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तांब्या आणून हातावर धरला. पाणी ओतत राहिलो.

बरेच दिवस मलमपट्टी चालली. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तो तवा पयले घराबाहेर काढा." मी तवा दुकानात गुळाच्या भेल्यांमागे ठेवून दिला. बायको रोज रिकाम्या खुंटीकडे बघायची, मग माझ्याकडे. मी म्हणायचो, हात बरा होऊ दे. तिची मान खाली जायची. मी तिच्या भल्यासाठी करत होतो, आणि तरी तिच्याकडून काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं मला वाटायचं.

पट्टी निघाल्यावर तवा आत आणला. आता तो पूर्ण निवेपर्यंत मी तिच्यापासून लांब ठेवतो, गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी जागचा हलत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत त्यावर पहिलं धिरडं घातलं. कडा आपोआप सुटल्या. मधलं मात्र चिकटलं आणि दोन तुकडे झाले. तिनं ते दोन्ही तुकडे दुधात बुडवून खाल्ले. अजूनही मधलं चिकटतंच. कधी सुटेल ते मला सांगता येत नाही, आणि तिला येत असेल तर माझ्यापर्यंत पोचत नाही.

बोलणंही तेवढंच आहे. डॉक्टर आता फारसं काही सांगत नाहीत, गोळ्या चालू ठेवा म्हणतात.

हल्ली ती दुपारी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीकडे बोट दाखवते. पहिल्या दिवशी मी स्टूल घेऊन एकेक डबा खाली काढला. पापडांचा, शेवयांचा, तिळाचा, जुन्या पणत्यांचा. प्रत्येक डबा उघडून तिच्यापुढे धरला. तिनं नाही म्हणून मान हलवली. फळी रिकामी झाली, मी ती फडक्यानं पुसून तिला दाखवली, वर काही उरलं नाही म्हणून सांगितलं. सगळे डबे परत जागेवर लावले. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर तिनं पुन्हा तिकडेच बोट केलं, आणि मी पुन्हा स्टूल ओढलं.