डेड स्टॉकमधला सात नंबर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते कुहीच्या आमच्या शाळेतल्या प्रयोगशाळेच्या काकांचे. हुद्द्याने ते परिचर. परीक्षानळ्या धुवायच्या, कपाटांना कुलूप लावायचं, एवढंच त्यांचं काम. पण बल्ब पेटला नाही की मी चार तारा एकदम ओढायचो, तेव्हा ते माझा हात धरायचे. "एकावेळी एकच हलव गा. अन् हलवली का वहीत लिही." आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. कॉलेजच्या प्रवेशासाठी माझ्यासोबत नागपूरच्या बसमध्ये बसले तेही काकाच.

आता मी नागपूरच्या सदर भागातल्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. गेल्या हिवाळ्यात एका अंध विद्यालयातून बोलावणं आलं. तिथल्या ब्रेल छपाईचा प्रोग्राम एका फार जुन्या कॉम्प्युटरवरच चालतो. प्रिंटर जोडायचं त्याचं मूळचं पोर्ट जळालं होतं. दहावीच्या मुलांची पुस्तकं अडून होती. मी पोर्टचं जुनं कार्ड शोधून नेलं, बसवलं, आणि प्रिंटर जाड कागदावर धडाधड ठिपके ठोकू लागला. मी बॅग भरली.

"झालं," मी म्हणालो.

छपाई बघणाऱ्या ताई स्वतः जन्मापासून अंध. त्यांनी हात लांबवून स्पीकर चालू केला. काम करताना त्या आवाजाची कटकट नको म्हणून तो मीच बंद केला होता. ताईंनी एक अक्षर दाबलं. एरवी कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर बोलून दाखवायचा. आता तो एकाच अक्षरावर अडकून घरघरत राहिला.

"दादा, मशीन तं ठोकून राहिली," ताई म्हणाल्या. "पण मी काय टाइप करून राहिली, हे मले कोन सांगन?"

दारात उभे असलेले सचिव घाईत होते. "छपाई होते ना? मग बास. परवापासून डोळस माणूस बसवू इथं. ताईंना दुसरं काही काम देऊ."

ताईंनी खुर्चीच्या हातावर तळवा ठेवला आणि तो उचलला नाही. मी बॅग खाली ठेवली आणि उद्याचा दिवस मागून घेतला.

दोष काय आहे ते मला कळलं होतं. जुन्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक कार्डाला प्रोसेसरला हाक मारायला एक नंबर लागतो. दोघांनी एकाच नंबरावरून हाक मारली की गोंधळ होतो. आवाजाचं कार्ड पाच नंबरावर होतं आणि मी बसवलेलं पोर्टचं कार्डही पाचवरच. कार्डावरच्या बारीक पिनांवर जंपर नावाची छोटी टोपी असते, ती सरकवली की नंबर बदलतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी सगळी कार्डं काढली, एकेक करून परत लावली, वहीत लिहीत गेलो. मग पोर्टच्या कार्डाचा जंपर सातवर नेला. आवाज स्वच्छ झाला. प्रिंटर मात्र गप्प.

परत पाच केलं. प्रिंटर चालू, आवाज अडखळला. परत सात. केबल बदलली, कार्ड बसवायची खाच बदलली, प्रत्येक वेळी एकच गोष्ट. दुपारचे तीन वाजले.

"काहून गा, थकले का?" ताईंनी विचारलं.

"नाही. सात नंबर रिकामा आहे, तरी चालत नाही."

"रिकामा हाय हे कोनी सांगतलं?"

मी वही उघडली. यादीत चालू असलेल्या सगळ्या वस्तू होत्या. जळालेलं पोर्ट मी लिहिलंच नव्हतं. बंदच आहे, त्याला काय लिहायचं? आणि मला काकांचं डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे प्रयोगशाळेच्या सामानाची नोंदवही, आठवलं. दरवर्षी ते मला शेजारी बसवून त्यात फुटलेली भिंगं, मोडके तराजू, सगळं पुन्हा लिहायला लावायचे. मी कुरकुर केली की म्हणायचे, "साहेबाच्या सहीनं कटत नाही तोवर ते हायेच. जागा अडवतेच ना?"

कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये शिरलो. जळालेलं पोर्ट तिथे अजून चालू म्हणून नोंदलेलं होतं, सात नंबर धरून. मी ते बंद केलं.

या वेळी स्पीकर आधी लावला. ताई टाइप करू लागल्या. मागे प्रिंटर ठोकत होता आणि पुढे आवाज एकेक अक्षर स्पष्ट बोलत होता. सचिव आले, थोडं ऐकत उभे राहिले.

"बरं, मग बसा तुम्हीच, ताई."

"मी उठलीच कुठं होती, सर?"

त्याच संध्याकाळी मी काकांना पत्र लिहिलं:

"काका, नमस्कार. तुमचं डेड स्टॉक रजिस्टर आज कामी आलं. एका बंद पोर्टची नोंद कटली नव्हती, त्यामुळे एका ताईंची खुर्ची जाता जाता राहिली. खरं सांगायचं तर पोर्टमुळे नाही, माझ्यामुळे. पहिल्या दिवशी त्यांचा आवाज बंद ठेवून मी काम झालं म्हणालो होतो. तेही वहीत लिहून ठेवलं आहे. सोबत एक जाड कागद आहे. शाई नाही म्हणून कोरा समजू नका, ताईंनी तो तुमच्यासाठी छापला आहे. काय छापलं ते मी विचारलं, तर म्हणाल्या, 'शिकून घ्या.' आता दर शनिवारी त्यांच्याकडे जाणार आहे. कागद जपून ठेवा, त्यावर काही जड ठेवू नका, ठिपके दबतात. धान कापणीला घरी येईन तेव्हा तुमच्यासमोर बसून बोटांनी वाचून दाखवीन."