तिच्या नावावरचं दुखणं

अमरावतीत दवाखाना टाकला तेव्हा मी एक चार पानी अर्ज छापून घेतला होता. घरात माणसं किती, काम काय, ते हल्ली चालतं का, कोण कोणाशी बोलत नाही, झोप किती, भूक किती, आणि सगळ्यात शेवटी, मनापासून हसलात त्याला किती दिवस झाले. हा शेवटचा प्रश्न माझा स्वतःचा होता आणि त्याचा मला भारी अभिमान होता. नागपूरला शिकत असताना आमचे एक सर रुग्णाचं तोंडही न पाहता रिपोर्ट वाचून निदान सांगायचे. ते निदान बहुतेक वेळा बरोबर निघायचं, याचा मला आणखीच राग यायचा. खाटेवर माणूस आहे की नुसतं यकृत, असं मी कँटीनमध्ये टेबलावर हात आपटून विचारायचो. मित्र म्हणायचे, आधी यकृत तर शिक.

माझ्याकडच्या सिस्टर रोज बडनेऱ्याहून यायच्या. नवरा रेल्वेत, वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, आणि बोलायला एकदम रोखठोक. अर्ज पाहून त्या म्हणाल्या, "साहेब, इतकं तर पोरगी पाहाले आलेले लोक बी विचारत नाई."

ती वर्षं वाईट होती. कापसानं लोकांना दगा दिला होता आणि सकाळी पेपर उघडला की कुठल्या ना कुठल्या गावच्या माणसानं स्वतःला संपवल्याची बातमी असायचीच. गावोगाव समुपदेशनाची शिबिरं व्हायची. मीही दोन-चार ठिकाणी जाऊन बोलून आलो. मनाचं दुखणं हेही दुखणंच असतं, लपवू नका, डॉक्टरला सांगा, असं माईकवरून सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण हळूहळू आम्हा डॉक्टरांना एक सवय लागली. डोकं दुखतं? टेन्शन. पोट साफ नाही? टेन्शन. रुग्णही आत आले की खुर्चीवर बसायच्या आधीच तो शब्द सांगून मोकळे व्हायचे.

अशात एका हिवाळ्यात अचलपूरहून एक बाई आली. चाळिशीची असेल. काळा बुरखा, तोंडावरचा नकाब वर केलेला, हातात कापडी पिशवी. नवरा गाद्या-रजया भरायचा, आणि बाजारात माणसांच्या हाती पैसा नसला की पहिल्यांदा नवी रजई राहून जाते. तिनं सगळं धडाधड सांगितलं. झोप येत नाही. छातीत धडधड होते. हात इतके कापतात की सुईत दोरा जात नाही. खाणं दुप्पट झालंय तरी वजन उतरतंय. थंडीतही अंगावर पांघरूण सहन होत नाही. बारीकसारीक गोष्टीवरून राग येतो, आणि मग रडू येतं.

डॉक्टरकीच्या कुठल्याही पोरानं ऐकता क्षणी सांगितलं असतं, गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी बिघडलीय. मलाही तेच वाटलं. तिचा गळा तपासला, काही नाही. हात पुढे करायला सांगितले तर ते भिंतीसारखे स्थिर. नाडी चौऱ्याहत्तर. तरी रक्त पाठवलं, हृदयाचा आलेख काढला. सगळं उत्तम.

मग मी माझा अर्ज काढला. चाळीस मिनिटं तिच्याशी बोललो. बाहेर रुग्ण खोळंबले होते, त्यांना खोळंबू दिलं. तिनं सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. काम बसलंय, मोसम कोरडाच चाललाय, घरात कोणी कोणाशी नीट बोलत नाही, हसून पाच-सहा महिने झाले. गोष्ट अगदी जुळून आली. मी समजुतीच्या सुरात सांगितलं, "शरीरात काही बिघाड नाही. मनावर ताण आलाय, त्यानं हे सगळं होतं."

"म्हंजे मनाचंच हाय नं, डाक्टरसाब?" तिनं विचारलं आणि तिचं तोंड पांढरं पडलं. मनाचा आजार म्हटलं की लोक असेच घाबरतात, असं मी अर्जाच्या समासात लिहूनही ठेवलं. झोपेची अर्धी गोळी रोज घ्यायला सांगून पाकीट दिलं.

ती दर पंधरा दिवसांनी यायला लागली. फरक नाही म्हणायची. मी धीर द्यायचो, गोळ्या वाढवून द्यायचो. तिसऱ्या खेपेला ती यायच्या आधी सिस्टर माझ्या खोलीत आल्या आणि त्यांनी मागे दार लावून घेतलं. असं त्या एरवी करत नसत.

"साहेब, रागावू नका. हे बाई झोप येत नाई म्हनते. आन् बाहेर बाकावर बसली की पाच मिनिटात घोरते. नंबर आला की मले हलवून उठवा लागते. हात कापते म्हनते, अन् मागच्या बारीले माह्या एप्रनचं बटन तिनंच लावून देल्लं, एका झटक्यात सुई ओवली. ते दुसऱ्या कोनाचं तरी सांगून राहिली तुमाले."

मला अपमान झाल्यासारखं वाटलं, हे आता कबूल करतो. पण बाई आत आली तेव्हा मी अर्ज उघडलाच नाही. सरळ विचारलं, "हे दुखणं कोणाचं आहे?"

ती बुरख्याची कड बोटात गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरच्यायचं."

मी ओरडलो. महिनाभर खेपा, इतकी तपासणी, इतका वेळ! नवऱ्याला का नाही आणलं? तिनं माझं ओरडणं पूर्ण होऊ दिलं. मग बोलली, "कसं आनू? मोहल्ल्यात समजलं का मानसाले झोप नाई, काम सुचत नाई, तं लोक काय म्हनतीन तुमाले मालूम नाई काय? एकानं तं तोंडावरच म्हनलं, याच्या घरची दोरी लपवून ठेवा. ते आयकून हे दवाखान्याचं नावच घेत नाई. आमच्याकडं बाया अशाच औषद आनते, डाक्टरसाब. आपल्या नावानं."

हे मला माहीत असायला हवं होतं. पुरुषाचा आजार बायकोनं आपल्या तोंडून सांगायचा आणि गोळी घरी नेऊन चहासोबत द्यायची, ही आमच्या भागातली जुनीच रीत. चार पानांतली सगळी उत्तरं खरी होती. खोटं होतं ते एकच, सगळ्यात वर लिहिलेलं नाव.

मग दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली. ज्या माणसाच्या जिवाची ही बाई भीती बाळगून होती, त्याच्या घरात मी महिनाभर झोपेच्या गोळ्यांची पाकिटं पाठवत होतो.

"गोळ्या कुठं आहेत?" मी विचारलं.

तिनं कमरेजवळचा बटवा काढून दाखवला. "माह्याजवळच असते. मी एकेक देते. रात्री मी दाराले पाठ लावून बसते, म्हंजे ते उठून बाहेर गेले तं मले समजन." इतकं ती सहज बोलली. बाकावर झोप का लागत होती, हे मला पुन्हा विचारावं लागलं नाही.

रविवारी मी एसटीनं अचलपूरला गेलो. दवाखान्यातला डॉक्टर म्हणून नाही, घरातली गादी पिंजून भरून हवी होती म्हणून. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एका कोपऱ्यात कापूस पिंजायचं यंत्र बंद पडून होतं. तो माणूस उठून उभा राहिला आणि मी उंबऱ्यातच थांबलो. डोळे थोडे बाहेर आलेले. गळ्याशी स्पष्ट फुगवटा. डिसेंबरात अंगावर नुसती बनियन आणि कपाळावर घाम. हात मिळवला तर तळवा गरम, ओला, बारीक कापणारा. नाडी मोजायचीही गरज नव्हती, पण मोजली. एकशे वीसच्या वर होती.

म्हणजे माझी पहिली शंका बरोबर होती आणि रक्त चुकीच्या माणसाचं तपासलं गेलं होतं. आमचे नागपूरचे सर असते तर त्यांनीही तोच रिपोर्ट वाचून बिघाड नाही असंच सांगितलं असतं. त्यांनी तिची चाळीस मिनिटं तरी खाल्ली नसती. मला मात्र त्या चाळीस मिनिटांत अख्खा माणूस सापडला होता, फक्त तो माझ्यासमोर नव्हता. आणि मोहल्ला, बायको, मी, सगळ्यांनी वर्तमानपत्रातल्या बातम्यांवरून त्याचं निदान आधीच करून टाकलं होतं.

मी त्याला खरं सांगितलं. तुमच्या बायकोचा डॉक्टर आहे, गळ्यात ग्रंथी सुजलीय, रक्त तपासावं लागेल. तो चिडेल असं वाटलं होतं. तो दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं बायकोला घेऊन हजर. गळ्याची गाठ चार माणसांत दाखवता येते.

रिपोर्ट आल्यावर मी त्याला कागदावर ग्रंथी काढून दाखवली. तिच्यातून एक रस जास्त गळतो, त्यानं हृदय धावतं, हात कापतात, झोप उडते, राग येतो, भीतीसुद्धा वाटते. त्यानं चित्रातल्या ग्रंथीवर बोट ठेवलं.

"म्हंजे मी डरपोक नाई झालो?" त्यानं विचारलं.

"नाही."

"सहा महिने झाले, साब. मले वाटे, बाकीचे लोक तोटे सोसून राहिले आन् मीच हिंमत हारलो. कापूस हाती घेतला का रडू ये. मरद मानूस काहून रडते, हे मले समजेच ना." आणि मग तो तिथंच रडला. त्याच्या रक्तात काय होतं ते मला रिपोर्टातल्या तीन आकड्यांवरून कळलं होतं. सहा महिने तो स्वतःला भेकड समजत होता, हे कुठल्याही नळीत आलं नसतं. दोन्ही कळायला हवं होतं, आणि मला दोन्ही उशिरा कळलं. याची मला आजही लाज वाटते.

थायरॉइडच्या गोळ्यांनी दोन महिन्यांत तो सावरला. वजन वाढलं, सुईत दोरा जायला लागला. मी खूश होतो. सिस्टर पेढे मागत होत्या.

आणि मग ती एकटीच आली. म्हणाली, झोप येत नाही.

"कोणाला?" मी सावधपणे विचारलं.

"आता मलेच." तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "ते चांगले झोपते. मले मालूम हाय ते बरे झाले. पन मी लेटली का डोळे उघडतेत. दाराशी जाऊन बसली तरच बरं वाटते."

तिचं रक्त तपासलं. रक्त कमी होतं, त्याची गोळी दिली. दरवाज्यासाठी मात्र माझ्याकडं काही नव्हतं. झोपेच्या गोळीचं पाकीट काढलं आणि परत खणात ठेवलं. पुढच्या वेळी दोघांनी मिळून या म्हटलं.

ते आले. मी त्याला विचारलं, "तुमच्या पत्नी रात्री दाराशी का बसतात, ठाऊक आहे?"

"गर्मी होत असन," तो म्हणाला. "का माह्यावर नाराज होती म्हनून. मी विचारलं नाई."

मी तिच्याकडं पाहिलं. ती खाली पाहत होती. मग मीच सांगितलं. तुमच्या आजारपणात या रोज रात्र-रात्र दाराला पाठ लावून बसल्या, तुम्ही उठून कुठं जाऊ नये म्हणून. त्यानं बायकोच्या हातातली पिशवी घेतली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली. माझ्या खोलीत नवरा-बायको असे बसलेले मी फारसे पाहिले नव्हते.

"आजपासून दाराशी तुम्ही झोपा," मी म्हणालो. "त्यांना आत झोपू द्या."

अशी गोळी कुठल्या पुस्तकात नाही. ती लागू पडेल की नाही, याची मला खात्री नव्हती, आणि चिठ्ठीवर लिहायलाही ओशाळल्यासारखं झालं, म्हणून लिहिली नाही.

महिन्यानं त्याच्या रक्ताच्या तपासणीचा दिवस होता. तो आला. स्वतःच्या नावानं केसपेपर काढला, बाकावर बसला, नंबर आल्यावर आत आला. मी त्याच्या मागं दाराकडं पाहत राहिलो. बाई नव्हती.

"एकटेच?" मी विचारलं.

"हौ साब. झोपली होती. उठवू नाई वाटलं."