तुमी बोलत ऱ्हावा

वालूरहून सेलूला जाताना एका टॉवरची रेंज सुटून दुसऱ्याची धरायच्या आत फोन कट व्हायचा. ते नीट करायला आलेला माणूस आमच्या दारात पाणी प्यायला थांबला आणि माझाच नंबर घेऊन गेला. मग चालत्या मोटरसायकलवरून त्याचा फोन, "मावशी, तुमी नुसतं बोलत ऱ्हावा. कुठं तुटतंय ते बघायलोय."

मी एकटी बाई, काय बोलणार? भाजी, गुडघे, मांजरीचे नखरे. वाऱ्याच्या घोंघाटातून तो म्हणायचा, "हां, मंग?"

आता फोन कुठंच तुटत नाही. तरी दर आठवड्याला त्याचा फोन येतो, "मावशी, चेक करायलोय, बोला."

हल्ली मागं मोटरसायकल ऐकू येत नाही, वाराही नाही. घरी बसून कसलं चेक करतोस, असं मी विचारत नाही. मनातल्या मनात हात जोडते आणि भाजीपासून सुरू करते.