देव्हाऱ्यातली पॉलिसी

विम्यावर ललित लिहिणं हा आगाऊपणाच आहे. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, अजून शब्द चाचपडत वापरतो. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण आज सकाळी देव्हाऱ्यात आईच्या प्रवासविम्याचा कागद दिसला. त्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. मी तिथेच बसून राहिलो.

आई भजनी मंडळाबरोबर नेपाळात मुक्तिनाथला गेली आहे. विमा मी निवडला. स्वस्तातला उंच डोंगरावरचं आजारपण धरत नव्हता, म्हणून सोडला. दुसऱ्यात आधीचे आजार विचारले होते.

"तुझं बीपी लिहितो," मी म्हणालो.

आई उसळली. "देवाला निघताना आजाराचं नाव काढतात होय रे? हेच शिकवतात का कॉलेजात?"

"लपवलं तर ऐनवेळी विम्याचे पैसे मिळणार नाहीत, आई."

ती बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, "लिही. गोळीचं नावही लिही."

वाईटाचं नाव न घेणं ही तिची काळजी करायची रीत. नाव घेऊन तयारीत राहणं ही मी नुकतीच शिकलेली. माझ्या जिवाला घोर नको म्हणून तिनं स्वतःची रीत मोडली आणि कागदाला कुंकू लावून देवाची समजूतही घातली.

परवापासून तिचा फोन लागत नव्हता. आत्ता लागला.

"वर दम लागला होता रे. खाली दवाखान्यात आणलं, विम्यावाल्यांनी सगळं बघितलं. आता बरी आहे. डॉक्टरांनी विचारलं, बीपी आहे का? म्हटलं, आमच्या पोरानं आधीच लिहून दिलंय."