तपकिरी धुरावर राखेचं पांघरूण

नवापूरच्या ज्या फाउंड्रीत मी आणि माझा थोरला भाऊ काम करतो, तिथे खडी क्रशरचे जबडे ओततात. त्या पोलादात मँगनीज भरपूर. वितळलं की ते शांत बसत नाही. त्याची वाफ होते, वाफेला हवा लागली की तपकिरी धूर उठतो. लांबून देखणा दिसतो. भाऊ मात्र लॅडलच्या, म्हणजे वितळलेलं पोलाद भरलेल्या मोठ्या बादलीच्या, तोंडाशीच उभा असायचा. दिवसभर तो धूर छातीत गेल्याने संध्याकाळी खोलीवर आला की त्याला थंडी भरायची, दात वाजायचे. सकाळी पुन्हा ठणठणीत. यावर कारखान्यात एकच अधिकृत औषध होतं: पाळी सुटताना गुळाचा खडा. भाऊ दोन खडे खायचा आणि गोड तोंडाने कुडकुडायचा.

मला वाचायची खोड आहे. तिचा एवढाच उपयोग झाला की, हवाच लागू दिली नाही तर धूर कमी होईल, हे ध्यानात आलं. शेजारच्या भातगिरणीतून तुसं आणली, जाळून राख केली आणि पत्र्यावर तापवून कोरडी केली. ओल राहिली तर पोलाद अंगावर उडतं. पहिल्यांदा मी लॅडलमधल्या पोलादावर भीत भीत चिमूटभर टाकली.

भाऊ म्हणाला, "अरे, देवले अंगारा लाई ऱ्हायना का? पाटीभर टाक!"

पाटीभर टाकली. धूर बसला. धार पडताना थोडा यायचाच, पण हळूहळू भावाची थंडी गेली.

मग कुणी बडे पाहुणे येणार म्हणून कळलं. मंडप, हार, फीत. कापण्याजोगं नवीन काही नसल्याने फीत जुन्याच भट्टीसमोर बांधली. कारखान्याचे मालक शेठ भावाजवळ आले.

"आज राख मत डालो. धुमाडो दिखना चाहिए, पेपर में फोटो आएगा."

भावाने राखेची पाटी उचलली. "शेठ, फोटो मन्हा काढाना शे का धूरना? धूर पाहिजे ते चुल्हाजोडे जा."

शेठ लाल झाले, पण पाहुणे दारात आले होते. भावाने राख पसरली. पाहुण्यांनी करड्या बादलीत वाकून पाहिलं आणि विचारलं, "भट्टी आज बंद आहे का?"

तेवढ्यात भावाने लॅडल कलंडवली. राखेखालून पांढरीशुभ्र धार साच्यात उतरली. पाहुणे हारासकट मागे सरले. भावाचा हात जराही हलला नाही. त्याचा धाकटा भाऊ असल्याचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता, आणि टाळ्या पाहुण्यांसाठी वाजत होत्या याचंही काही वाटलं नाही.

शेठने भावाला काढलं नाही. दुसऱ्या दिवशी भातगिरणीकडे टेम्पो पाठवला आणि ही कल्पना आपलीच असल्याचं चार जणांना सांगितलं. आम्ही माना डोलावल्या.

पण पाहुणे येऊन गेले त्या संध्याकाळी मी मुद्दाम भावासमोर जेवायला बसलो. त्याने दोन भाकरी खाल्ल्या, ठेच्यात मीठ कमी म्हणून मला शिव्या दिल्या आणि पांघरूण न घेताच झोपून गेला.