साडू आणि पोलादी मुकुटवाला

आमच्या साडूंनी मला जेवढे धक्के दिले तेवढे एसटीनेसुद्धा दिले नसतील, आणि मी जन्मभर सांगलीहून औंधला एसटीनेच जात आलो आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. औंधजवळच्या एका गावात त्यांची ज्वारीची जमीन आहे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. बाकीचे फौजी येताना काळी ट्रंक भरून काय काय आणतात; यांनी आणली छावणीबाहेरच्या रद्दीवाल्याकडची जुनी कॉमिक्स! प्रत्येकात सन तीन हजार, आकाशात उडत्या मोटारी आणि खाली पोलादी मुकुट घातलेला एक हुकूमशहा. तो लोकांच्या डोक्यात यंत्रं बसवतो, त्याच्या राज्यात हसायलाही परवाना लागतो, आणि मूठभर बंडखोर गटारात लपून मतदानाचा हक्क परत मागत असतात. साठी उलटलेला, मिशा पिळणारा माणूस हे वाचून ढसाढसा रडतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. बरं, रडून झाल्यावर नाक शिंकरून तेच पान पुन्हा वाचणार!

एकदा मी त्यांच्याबरोबर सलूनमध्ये बसलो होतो. खुर्चीत अर्धी दाढी झालेली, हातात कॉमिक. अचानक साडू ताडकन उठून सावधान झाले. वस्तरा गळ्यापासून बोटभर लांब! न्हावी पांढराफटक पडला. "आवं हवालदार, नरडं कापलं असतं की!" त्यावर हे म्हणतात, "बंडखोरांनी झेंडा चढवला रं गड्या. बसून ऱ्हाऊ व्हय?" घरात तर रोज मतदान. वांगं की डाळ, हात वर करा! पाहुण्यालाही मत, पण एकच. मी भीतभीत डाळीला हात वर केला. मेहुणीबाई आणि दोन्ही सुना वांग्याच्या. साडूंना वांग्याने अंगभर खाज सुटते, तरी मुकाट वांगं खाल्लं आणि खाजवत खाजवत मला म्हणाले, "पडलो, पर आपलं मत मोजलं तर न्हवं!" 

पण खरा हादरा पुढेच होता. त्यांच्या गावाला ग्रामपंचायतीच्या बिनविरोध निवडणुकीचा केवढा अभिमान! वेशीवर तसा फलकच होता. जाणती मंडळी देवळात बसायची, नाव ठरायचं, नारळ फुटायचा, संपलं. त्या वर्षी वॉर्डातून नाव ठरलं साडूंच्या थोरल्या भावाचं, दादांचं. बाप लवकर गेल्यावर या दादांनीच धाकट्याला लहानाचा मोठा केला, फौजेत धाडला. दादांच्या पाया पडल्याशिवाय साडू सकाळचा चहा घेत नसत. आणि त्याच दादांच्या विरोधात ह्या गृहस्थाने अर्ज भरला! मेहुणीबाईंचा रडत फोन आला. मी मिळेल ती एसटी पकडली.

"पावणं," साडू शांतपणे म्हणाले, "त्यो मुकुटवाला राज्यावर कसा आला, ठावं हाय? बिनविरोध! समद्यांनी माना डोलावल्या आन् घरी जाऊन झोपली."

"म्हणजे दादा मुकुटवाले?" मी किंचाळलोच.

"त्वांड सांभाळा!" साडू कडाडले. "दादा देवमाणूस हाय. माजं मत दादालाच. पर मत द्यायला मिळाया तर पायजे!"

मग काय, हा उमेदवार दारोदार हात जोडून सांगत सुटला, "दादालाच निवडून द्या, पर बटण दाबायला या." विरोधकाचा असा प्रचार मी तरी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. दादांना मात्र हे कळेना. वेशीवरचा फलक उतरला आणि त्यांनी बोलणं टाकलं. सकाळी साडू वाकले की ते पाय आखडून घ्यायचे. साडूंचं अन्न तुटलं. "दादानं पाय वडून घेतलं वं पावणं," असं म्हणून ते ढसाढसा रडले, आणि या खेपेला हातात कॉमिक नव्हतं. 

दादा दणकून निवडून आले. साडूंना मत पडलं एक. ते त्यांचं नव्हतं, मेहुणीबाईंचंही नव्हतं; बाईंनी तर ते ठणकावून सांगितलं. गाव खोखो हसत होतं, साडू खाली मान घालून उभे. गुलालाने माखलेले दादा गर्दीतून सरळ त्यांच्यापाशी आले. "धाकल्याच्या नावाम्होरं भोपळा बघवला नसता रं मला," ते म्हणाले आणि पाय पुढे केला.  साडूंना पायावरून उठवायला दोघे लागले.

गेल्या साली दादा गेले. निवडणूक पुन्हा आली तेव्हा दादांच्या जागेसाठी साडूंनी अर्ज भरला. पण गावाने मायेपोटी ठरवून टाकलं, दादांच्या माघारी हवालदारच, दुसरं कुणी उभं राहायचं नाही. साडू घरोघर फिरले. "कुणीतरी उभं ऱ्हावा रं माज्या विरोधात!" म्हणून पोरासोरांच्याही विनवण्या केल्या. लोक हसून चहा पाजत होते. अर्जाची मुदत संपली.

मी हार घेऊन गेलो. साडू ओट्यावर एकटेच बसले होते, अंगभर गुलाल, डोळे लाल. मी अभिनंदन म्हणालो, पण ते त्यांच्या कानावर गेलंच नसावं.

"दादा असता," ते म्हणाले, "तर उभा ऱ्हायला असता वं माज्या विरोधात."