कापूर, कुचला आणि केशवरावांचं मशीन

आमच्या औषधशाळेत कुटलेलं औषध फडक्यातून चाळायचं. बारीक पूड बाटलीत जायची, जाडंभरडं फडक्यावर राहायचं. किस्स्यांचंही तसंच! कामाचं होतं ते गिऱ्हाइकांकडे गेलं, जाडंभरडं तेवढं माझ्याकडे साठत राहिलं.

*

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, म्हणून नानासाहेब वैद्यांनी मला ‘अमरावती, सी. पी. अँड बेरार’ अशी लेबलं लिहायला ठेवलं. पहिल्याच दिवशी मी हौसेनं कापूर कुटायला बसले. कुटते, कुटते, पण कापूर फुटेचना! नुसता चपटा होऊन खलाला चिकटून बसला.

कुटणाऱ्या सहाजणींची मुकादम गयाबाई. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “बाई, कापूर कुटून राहिली का पोळी लाटून राहिली?”

तिनं वरून स्पिरिटचे चार थेंब टाकले, बत्ता फिरवला, आणि पिठासारखी पूड!

“असं काहून झालं?” मी तिच्याच भाषेत विचारलं.

“मले काय मालूम! नशा चढत असन त्याले. मंग भांडत नाई.”

*

एकदा काम फार साचलं, म्हणून नानासाहेबांनी आखाड्यातले एक पैलवान बोलावले. त्यांनी तुरटीवर असा घाव घातला की ठिकऱ्या उडाल्या. एक थेट नानासाहेबांच्या चहात!

“अहो, ठिसूळ असते ती! हलक्या हातानं!”

मग त्यांना कुचल्याच्या बिया दिल्या. बी शिंगासारखी चिवट. घाव बसला की टुणकन उडायची. तासाभरानं पैलवान घामाघूम, बी जशीच्या तशी!

गयाबाई म्हणाली, “आधी वाफवा लागते, पैलवान! कोरडी असली त थे तुमालेच चीत करन!”

*

नानासाहेबांचे पुतणे केशवराव बी. एस्सी. झाले आणि अकोल्याहून तेलाच्या इंजिनवर चालणारं दळायचं मशीन घेऊन आले.

“आठ दिवस पाहू,” नानासाहेब म्हणाले. “जमलं तर हातकुटाई बंद.”

सहाजणींचे चेहरे उतरले. गयाबाई म्हणाली, “घरी बसून मी काय करू वं? दिवसभर सुनेचं तोंड पाहू? थे बी माहं पाहीन!”

पहिल्या दिवशी तुरटी घातली. मिनिटात पीठ!

दुसऱ्या दिवशी ज्येष्ठमध. ते मूळ धागेदार. मशीननं ते फोडलं नाही, पिंजलं! खालून पिवळा कापूस निघायला लागला. बायका कापसाच्या वऱ्हाडातल्या, गप्प कशा बसतील?

“केशवराव, जिनिंग टाकलं का हो?”

“सरकी कुठून निघते थे बी दाखवा!”

*

तिसऱ्या दिवशी गुग्गुळ. आम्ही तो थंडीच्या दिवसांत सकाळी सकाळी कुटायचो, कारण ऊब लागली की तो मऊ पडतो. केशवरावांनी काढला वैशाखातल्या दुपारी! खडे आत गेले, तापलेल्या मशीनमध्ये त्यांचा शिरा झाला आणि इंजिन धापा टाकून बंद पडलं.

केशवरावांनी आत हात घातला, तो कोपरापर्यंत चिकटला. आम्ही चौघी मिळून ओढतोय आणि गयाबाई गुग्गुळालाच विनवतेय, “सोड रे बाप्पा, लगनाचं पोरगं हाये!”

*

आठव्या दिवशी निकालासाठी नानासाहेबांनी नागपूरहून ओळखीचे डॉक्टरसाहेब बोलावले. ते म्हणतील तसं करायचं ठरलं. आम्ही सगळ्या भिंतीला चिकटून उभ्या.

केशवराव स्वभावानं सरळ. म्हणाले, “साहेब, ठिसूळ असेल ते मशीनला द्यावं. चिवट आणि चिकट असेल ते हातानंच कुटावं.”

“ते मोजता कशानं? काही उपकरण आहे?”

“आहे ना!” केशवरावांनी गयाबाईकडे बोट दाखवलं.

गयाबाईनं पदर सावरला. तुरटीचा खडा दाताखाली धरला. कट्! “हे मशीनले.”

ज्येष्ठमधाची कांडी चावली. दात रुतला, धागा लोंबला. “हे आमाले.”

कुचल्याकडे हात गेला तसे नानासाहेब ओरडले, “विष आहे ते, बाई!”

“मालूम हाये! थे न चावताच आमाले,” गयाबाई म्हणाली आणि हात मागे घेतला.

डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “नानासाहेब, मशीन ठेवा. पण ह्या बायकांतली एकही काढू नका.” मग वही उघडून गंभीरपणे म्हणाले, “उपकरणाची नोंद करतो. कुठल्या कंपनीचं लिहू?”

“माह्या मायच्या, सायेब!” गयाबाईनं सगळं तोंड उघडून दाखवलं. “दोन पार्ट पडले, बाकी चालू हायेत!”